इंग्लंडच्या नॉन-लीग फुटबॉलचा सीझन पहिल्यांदाच फॉलो करताय?

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखालच्या इंग्लिश फुटबॉल लीगच्या (ईएफएल) तीन विभागांचे प्रत्येकी २४, असे ९२ क्लब मोजून झाले की त्याखालच्या सगळ्या फुटबॉलला नॉन-लीग म्हणतात. आपली इंडियन सुपर लीग (आयएसएल) पाहणाऱ्याला तिथली सगळ्यात अनोळखी गोष्ट म्हणजे तळाला राहण्याची शिक्षा. आपल्याकडे आय-लीग जिंकून पंजाब २०२३मध्ये आणि मोहम्मेडन २०२४मध्ये आयएसएलमध्ये आले, पण त्यांच्या बदल्यात खाली कुणीच गेलं नाही. नॉन-लीगमध्ये मात्र दर मे महिन्यात शंभराहून जास्त क्लब आपली जागा बदलतात. काही जिंकून, काही हरून, तर काही फक्त नकाशावर चुकीच्या ठिकाणी असल्यामुळे.

एक क्लब धरून ऑगस्ट ते मे हा सीझन कसा पाळायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. नियम २०२४-२५च्या सीझनचे आहेत. प्लेऑफ (सीझनअखेरच्या बाद लढती), खाली जाणाऱ्यांची संख्या, विभागांच्या सीमा यांत अधूनमधून बदल होतो, म्हणून दर जुलैमध्ये आपल्या लीगच्या साइटवरचं नियमांचं पान एकदा उघडून बघावं.

पहिलं काम: शिडी पाठ करणं

नॉन-लीगमध्ये पायऱ्या वरून खाली मोजतात. पहिल्या पायरीवर नॅशनल लीग: एकच विभाग, देशभरातले २४ क्लब. दुसऱ्या पायरीवर नॅशनल लीग नॉर्थ आणि नॅशनल लीग साउथ, दोन्हींत २४-२४. तिसऱ्या पायरीवर चार विभाग, प्रत्येकी २२ क्लबांचे: नॉर्दर्न प्रीमियर लीगचा प्रीमियर विभाग, सदर्न लीगचे सेंट्रल आणि साउथ असे दोन प्रीमियर विभाग, आणि लंडन व आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या इस्थमियन लीगचा प्रीमियर विभाग. चौथ्या पायरीवर याच तीन लीगांचे मिळून आठ विभाग. पाचव्या पायरीपासून लहान टापूंच्या लीग सुरू होतात: नॉर्दर्न लीग, कम्बाइन्ड काउंटीज, वेसेक्स, हेलेनिक, असे सोळा विभाग. त्याच्याखालीही शिडी बरीच उतरते, पण नवख्याने पहिल्या वर्षी पाचव्या पायरीच्या खाली जाऊ नये. तिथली माहिती विखुरलेली असते आणि उत्साह लवकर मावळतो.

आता वर-खाली जाण्याचा हिशेब. पहिल्या चार पायऱ्यांवर साचा एकच: विजेता थेट वर, आणि त्याच्या मागच्या काही क्लबांच्या प्लेऑफमधून आणखी एक वर. नॅशनल लीगमधून असे दोन क्लब ईएफएलच्या लीग टूमध्ये जातात आणि तिथले तळाचे दोन खाली येतात. नॅशनल लीगचे तळाचे चार खाली जातात, कारण नॉर्थ आणि साउथमधून दोन-दोन वर येतात. नॉर्थ आणि साउथमधून प्रत्येकी चार, म्हणजे आठ खाली जातात, आणि तिसऱ्या पायरीच्या चार विभागांतून दोन-दोन मिळून आठच वर येतात. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर १६ जातात, १६ येतात. ही बेरीज एकदा कागदावर मांडा. मांडली की लक्षात येतं, जितकं खाली जाल तितके विभाग जास्त आणि टापू लहान, आणि म्हणूनच खाली जाणाऱ्या क्लबला कोणत्या विभागात टाकायचं हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्याकडे शेवटी येऊ.

वरचं दार नेहमी असं उघडं नव्हतं. १९८७पर्यंत फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आजच्या ईएफएलमध्ये, शिरायचं तर मतदान जिंकावं लागे, आणि मतं बहुतेक जुन्या सभासदांनाच पडत. त्या वर्षी स्कारबरो हा थेट वर गेलेला पहिला क्लब ठरला आणि लिंकन सिटी थेट खाली आलेला पहिला. दुसरी जागा मिळायला २००२-०३चा सीझन उजाडावा लागला. आता तिसरी जागा मिळावी म्हणून नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांच्या ७२ क्लबांनी २०२५मध्ये मोहीम उघडली. दोनच जागा किती अपुऱ्या आहेत ते पुढे नॉट्स काउंटीच्या उदाहरणात दिसेल.

शिडी खरोखर चढता येते का, अशी शंका असेल तर दोन क्लब पुरेत. एएफसी विम्बल्डन २००२मध्ये कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये सुरू झाला आणि २०११मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. डॉर्किंग वॉन्डरर्स १९९९मध्ये स्थापन झाला आणि २०२२मध्ये नॅशनल लीगमध्ये आला. मधल्या २३ वर्षांत १२ वेळा तो वर चढला.

क्लब निवडताना

भारतात बसून पाळायचं असेल तर पहिली किंवा दुसरी पायरी घ्या. आकडेवारी, क्षणचित्रं, बातम्या सगळं रोज मिळतं. नॅशनल लीगचे सामने २०२४-२५पासून डाझोन या ऑनलाइन सेवेवर दाखवले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला बंदी असते, म्हणून तिथे राहणाऱ्यांना त्या वेळचा सामना मैदानावर जाऊनच पाहावा लागतो. कोणते सामने कुठून दिसतील ते सीझनच्या सुरुवातीला तपासून घ्या.

शिकायला किंवा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये असाल तर आमचं मत ठाम आहे: तिसरी पायरी. खेळाचा दर्जा चांगला असतो, तिकीट परवडतं, उभं कुठेही राहता येतं. खेळाडू बहुतेक अर्धवेळ असतात. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोनेक संध्याकाळी सराव. त्यामुळे मंगळवारी रात्रीच्या दूरच्या सामन्याला निम्मा संघ थेट कामावरून येतो. हे ठाऊक असलं की कित्येक विचित्र निकालांचा उलगडा होतो. निवडताना घरापासून मैदानापर्यंत सार्वजनिक वाहनाने तासाभरात पोहोचता येतं का, ही एकच अट लावा. लंडनच्या दक्षिण भागात राहणाऱ्याला ईस्ट डलिच स्टेशनजवळचा डलिच हॅम्लेट सोयीचा पडतो.

ज्याच्यामुळे नॉन-लीगचं नाव कानावर आलं तोच क्लब धरायचा मोह टाळा. रेक्सहॅम १५ वर्षं नॅशनल लीगमध्ये अडकून होता हे खरं, पण २०२३मध्ये तो बाहेर पडला आणि त्यानंतर सलग वर जात राहिला. म्हणजे तो आता नॉन-लीगचा क्लबच नाही.

वेळापत्रक आणि आपलं घड्याळ

फिक्स्चर, म्हणजे सामन्यांच्या तारखा, जुलैमध्ये जाहीर होतात. २४ क्लबांच्या विभागात ४६ सामने, २२च्या विभागात ४२. शनिवार दुपार ३ आणि मंगळवार रात्र ७:४५ या दोन ठरलेल्या वेळा. भारतीय वेळेचं गणित वर्षातून दोनदा बदलतं:

– मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत: शनिवारचा सामना आपल्याकडे संध्याकाळी ७:३०ला, मंगळवारचा मध्यरात्रीनंतर १२:१५ला.
– उरलेल्या हिवाळ्यात: शनिवारचा रात्री ८:३०ला, मंगळवारचा पहाटे १:१५ला.

मंगळवारचा सामना आपल्या कॅलेंडरवर बुधवारी लिहायचा असतो. ही नोंद चुकली की वर्षभर चुकत राहते.

वेळापत्रकात काही दिवस ठळक करा: ऑगस्टअखेरचा बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी), २६ डिसेंबर, १ जानेवारी आणि ईस्टरचा सोमवार. २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला शक्यतो शेजारच्याच क्लबाशी जोडी लावतात, एक सामना त्यांच्याकडे, दुसरा आपल्याकडे. सीझनमधली मोठी गर्दी बहुधा याच दोन दिवशी होते.

त्यावर कपांचा पसारा. फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) एफए कपच्या अगदी सुरुवातीच्या फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात. तिसऱ्या पायरीचे क्लब पहिल्या पात्रता फेरीत उतरतात, नॉर्थ-साउथचे दुसऱ्या आणि नॅशनल लीगचे चौथ्या. चौथ्या पात्रता फेरीतले ३२ विजेते मग लीग वन आणि लीग टूच्या ४८ क्लबांना मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत भेटतात. शिवाय पहिल्या चार पायऱ्यांसाठी एफए ट्रॉफी आहे आणि पाचव्या-सहाव्या पायरीसाठी एफए व्हास. २०१६पासून या दोन्हींचे अंतिम सामने लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एकाच दिवशी होतात.

नवखा कपांकडे बोनस म्हणून पाहतो. लीगच्या दृष्टीने कप म्हणजे साचत जाणारं काम. आपला क्लब कपात जितका पुढे जाईल तितके लीगचे शनिवार रिकामे होतात आणि ते सामने पुढच्या मंगळवारांवर ढकलले जातात. त्यात डिसेंबर-जानेवारीचा पाऊस आणि दंव. मैदान पाण्याने भरलेलं किंवा गोठलेलं असलं की रेफरी सकाळीच पाहणी करून सामना पुढे ढकलतो. मार्च उजाडतो तेव्हा एखाद्या क्लबापुढे शनिवार-मंगळवार-शनिवार-मंगळवार अशी रांग लागलेली असते. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला नोंदवहीत एक आकडा जरूर टाका: आपले किती सामने झाले आणि वरच्या पाच क्लबांचे किती.

गुणतक्ता वाचायची पद्धत

विजयाला ३, बरोबरीला १. गुण सारखे असतील तर गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल), तोही सारखा असेल तर केलेले गोल. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. नॉन-लीगमध्ये अडचण वेगळीच असते: फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच तक्त्यात कुणाचे ३० सामने झालेले असतात, कुणाचे ३४. नुसते गुण पाहिले तर तक्ता खोटं सांगतो.

त्यावर उपाय म्हणजे प्रति सामना सरासरी. समजा २२ क्लबांच्या विभागात 'अ'चे ३४ सामन्यांत ६१ गुण आहेत आणि 'ब'चे ३० सामन्यांत ५७. तक्त्यात 'अ' चार गुणांनी पुढे. सरासरी काढा: 'अ'ची १.७९, 'ब'ची १.९०. ४२ सामन्यांपर्यंत ही गती टिकली तर 'अ' ७५च्या आसपास थांबतो आणि 'ब' ८०च्या जवळ जातो. म्हणजे पुढे 'ब' आहे.

पण इथेही सावध राहावं. हातात असलेले चार जादा सामने म्हणजे खिशात पडलेले बारा गुण नव्हेत. ते सामने बहुतेक मंगळवारी रात्री, जड मैदानावर, थकलेल्या अर्धवेळ खेळाडूंनी खेळायचे असतात. ते कोणाविरुद्ध आणि कुठे आहेत ते पाहा. घरच्या मैदानावर तळाच्या संघाविरुद्धचे दोन शिल्लक सामने हे दूरच्या चार सामन्यांपेक्षा जास्त मोलाचे असतात. अर्धवेळ संघांच्या विभागात आम्ही हातातल्या सामन्यांसाठी सरासरीपेक्षा थोडी कमीच कमाई धरतो.

ढोबळ मापं दोन. सामन्यामागे दोन गुण, म्हणजे ४६ सामन्यांत ९२, ही विजेतेपदाच्या झुंजीत राहण्याची गती. सामन्यामागे एक गुण ही धोक्याची. विजेतेपदाची खात्री मात्र कोणताच आकडा देत नाही. २०२४-२५मध्ये यॉर्क सिटीने नॅशनल लीगमध्ये ९६ गुण मिळवले आणि तरी १०२ गुणांच्या बार्नेटमागे ते दुसरे राहिले. २०२२-२३मध्ये रेक्सहॅमचे १११ आणि नॉट्स काउंटीचे १०७. एवढे गुण मिळवूनही नॉट्स काउंटीला प्लेऑफ खेळावी लागली आणि चेस्टरफील्डविरुद्धचा वेम्बलीचा सामना पेनल्टींवर जिंकल्यावरच ते वर गेले.

नोंदवहीसाठी साध्या स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने पुरतात: तारीख, प्रतिस्पर्धी, घर की बाहेर, निकाल, एकूण गुण, सरासरी, शेवटच्या सहा सामन्यांचे गुण, आणि शेवटचा महत्त्वाचा रकाना: 'रेषेपासून अंतर'. आपला क्लब वर असेल तर रेषा म्हणजे शेवटची प्लेऑफची जागा, खाली असेल तर शेवटची सुरक्षित जागा. मधल्या क्लबाचं अंतर दोन्हीकडे मोजा. मार्चमध्ये दोन्ही आकडे दहाच्या वर असतील तर त्या क्लबाचा सीझन संपलेला आहे. तिथून पुढे त्याचे निकाल भरवशाचे नसतात, आणि नेमके असेच संघ एप्रिलमध्ये इतरांचं गणित बिघडवतात.

'गणिती दृष्ट्या खाली गेला' हे कधी म्हणायचं? सहा सामने शिल्लक आणि गुण २० असतील तर कमाल ३८ होऊ शकतात. २२च्या विभागात तळाचे चार खाली जात असतील तर शेवटची सुरक्षित जागा अठरावी. त्या जागेवरच्या क्लबाचे आत्ताच ३९ असतील, तर विषय संपला. उलट बाजूने एक बारकावा राहून जातो: कमाल गुण अजून पुरेसे दिसत असले, तरी वरचे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळायचे असतील तर त्यांतल्या एकाला तरी गुण मिळणारच. त्यामुळे क्लब कागदावर दिसतो त्याच्या एक सामना आधीच बुडालेला असू शकतो. एप्रिलमध्ये शिल्लक सामन्यांची यादी तक्त्याशेजारी ठेवूनच बसा.

प्लेऑफ

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवर दुसरा ते सातवा असे सहा क्लब. चौथा विरुद्ध सातवा आणि पाचवा विरुद्ध सहावा अशा दोन प्राथमिक लढती, दुसरा आणि तिसरा थेट उपांत्य फेरीत. प्रत्येक लढत एकाच सामन्याची, तक्त्यात वर असलेल्याच्या घरी. अंतिम सामनाही दुसऱ्या पायरीवर वरच्या क्लबाच्याच घरी होतो, फक्त नॅशनल लीगचा वेम्बलीवर. तिसऱ्या पायरीवर दुसरा ते पाचवा असे चारच क्लब.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा फायदा म्हणजे एक सामना कमी आणि घरचं मैदान. याहून जास्त काही धरू नका. २०२४-२५च्या नॅशनल लीग प्लेऑफमध्ये अंतिम सामन्याला पोहोचले पाचवे ओल्डहॅम आणि सातवे साउथएंड. ओल्डहॅमने दुसऱ्या क्रमांकाच्या यॉर्कला यॉर्कमध्येच ३-० हरवलं आणि वेम्बलीवर जादा वेळेत ३-२ने जिंकून तीन वर्षांनी ते ईएफएलमध्ये परतले. एके काळी प्रीमियर लीगमध्ये खेळलेला आणि नॉन-लीगपर्यंत घसरलेला तो पहिला क्लब होता.

मैदानाची परीक्षा

बाहेरून पाहणारे बहुतेक लोक इथेच फसतात. वर जाण्यासाठी गुण लागतात तसंच मैदानही लागतं. फुटबॉल असोसिएशनची मैदान-प्रतवारी आहे आणि प्रत्येक पायरीसाठी किमान प्रत ठरलेली आहे: फ्लडलाइट, छपराखालची जागा, बसायच्या खुर्च्या, मैदानाभोवती पक्की वाट, ड्रेसिंग रूम, प्रवेशद्वारं, एकूण क्षमता. वर जाऊ पाहणाऱ्या क्लबाने ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे ३१ मार्चपर्यंत, ती पूर्ण करायची. म्हणजे विजेता ठरायच्या महिनाभर आधीच काही क्लबांचा रस्ता कागदावर बंद झालेला असतो.

नव्वदच्या दशकात हे सलग तीन वर्षं घडलं: १९९४मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्स, १९९५मध्ये मॅक्ल्सफील्ड टाउन आणि १९९६मध्ये स्टीव्हनेज बरो. तिघेही विजेते, तिघांनाही मैदानामुळे फुटबॉल लीगचं दार बंद. हे इतिहासजमा झालं असं वाटत असेल तर २०२३-२४ पाहा. गेट्सहेड नॅशनल लीगमध्ये सहावे आले, प्लेऑफची जागा हक्काने मिळाली, आणि तरी त्यांना खेळू दिलं नाही. त्यांचं स्टेडियम नगरपालिकेच्या मालकीचं. ईएफएलला हवी होती ती दहा वर्षांच्या वापराची हमी त्यांना दाखवता आली नाही. त्याच मे महिन्यात त्यांनी वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली.

गवताचाही प्रश्न असतो. नॅशनल लीगमध्ये कृत्रिम थ्रीजी मैदान चालतं, ईएफएलमध्ये चालत नाही. २०२०मध्ये हॅरोगेट टाउन, २०२१मध्ये सटन युनायटेड आणि २०२४मध्ये ब्रॉम्ली वर गेले, तेव्हा तिघांनाही आपलं थ्रीजी उखडून गवत लावावं लागलं. आठवडाभर शाळांना आणि मुलांच्या संघांना भाड्याने देऊन त्या मैदानाने मिळवलेला पैसाही त्याबरोबर थांबतो. तेव्हा जानेवारीतच आपल्या क्लबाबद्दल तीन गोष्टी शोधून ठेवा: मैदान कुणाच्या मालकीचं, करार किती वर्षांचा, आणि पुढच्या पायरीची प्रत मिळालेली आहे की अर्ज केलेला आहे. स्थानिक वृत्तपत्रात आणि क्लबाच्या निवेदनांत हे सापडतं.

प्रत्यक्ष सामन्याला जाताना

सकाळी ९ ते ११च्या दरम्यान क्लबाचं एक्स खातं पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नका. 'पाहणी' हा शब्द दिसला तर निकाल कळेपर्यंत रेल्वेचं तिकीट काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळचं एखादं थ्रीजी मैदान पर्याय म्हणून हाताशी ठेवा. केंटमध्ये मेडस्टोन, ससेक्समध्ये वर्दिंग. पावसाने गवताची दहा मैदानं बंद पडली तरी तिथे खेळ होण्याची शक्यता बरीच असते. कडक दंवाची खात्री मात्र थ्रीजीवरही नाही.

तिकीट बहुतेक ठिकाणी दारावरच मिळतं. विद्यार्थी सवलतीसाठी ओळखपत्र जवळ ठेवा. कार्ड चालतं, पण रॅफल (सोडत), सामन्यांच्या माहितीपुस्तिकांचे जुने अंक आणि चहाच्या खिडकीसाठी थोडी नाणी असू द्या. रात्रीचा सामना साधारण ९:४०ला संपतो. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते जाण्याआधीच पाहून ठेवा, गावाकडच्या मैदानांवर ती आधीच गेलेली असते.

दोन्ही संघांचे प्रेक्षक वेगळे केलेले नसतील तर मध्यंतराला लोक एका गोलमागून दुसऱ्या गोलमागे चालत जातात, आपला संघ ज्या बाजूला हल्ला करणार तिकडे. त्यांच्यामागे जा, सामना जास्त चांगला दिसतो. मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्याची कायद्याने असलेली बंदी वरच्या पाच विभागांपुरती, म्हणजे नॅशनल लीगपर्यंत आहे. दुसऱ्या पायरीपासून खाली ते क्लबावर असतं. खाण्याबाबत आपल्या लोकांसाठी एक सूचना: थंडीत सगळे हातात घेतात ते गरम बोव्हरिल गोमांसाच्या अर्काचं असतं आणि 'पाय' या सारण भरलेल्या भाजलेल्या पदार्थातही बहुधा तेच मांस असतं. चिप्स कुठेही मिळतात. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानावर मात्र निर्धास्त खा, तिथलं सगळंच जेवण व्हीगन आहे.

पाचव्या पायरीवर किंवा त्याखाली गेलात आणि एखादा खेळाडू मध्येच बाहेर जाऊन दहा मिनिटांनी परत आला, तर गोंधळू नका. रेफरीशी वाद घातला की तात्पुरतं बाहेर बसवण्याचा नियम तिथे २०१९-२० पासून आहे.

मे महिना: तक्ता बंद झाल्यावर

शेवटचा सामना संपला तरी वही मिटू नका. तीन गोष्टी बाकी असतात.

पहिली म्हणजे गुणकपात. कारण बहुतेक वेळा साधं असतं: नोंदणी अपुरी असलेला किंवा बंदी असलेला खेळाडू खेळवला. एएफसी विम्बल्डनचे २००६-०७मध्ये अशा एका खेळाडूमुळे १८ गुण कापले गेले, आणि दाद मागितल्यावर ही शिक्षा तीन गुणांवर आली. हाताने चालवलेल्या छोट्या क्लबांत एक सचिव शेकडो कागद सांभाळत असतो, त्यामुळे अशा चुका संपत नाहीत.

दुसरी, जीवदान. वरचा एखादा क्लब बुडाला, स्वतःहून बाहेर पडला किंवा पैशांच्या कारणाने खाली ढकलला गेला, तर रिकाम्या जागेवर खाली जाणाऱ्यांपैकी कुणालातरी ठेवून घेतात. ऑल्ट्रिंकमचं उदाहरण विक्रमीच म्हणावं लागेल. २००६मध्ये १८ गुण कापले गेल्यावर ते तळाला गेले, पण कॅन्व्ही आयलंडने माघार घेतली आणि स्कारबरोला आर्थिक कारणाने खाली पाठवलं, म्हणून ऑल्ट्रिंकम वाचले. पुढची दोन वर्षंही ते घसरणीच्या जागेवरच संपले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी पडझडीमुळे टिकले. तेव्हा शेवटून चौथ्या क्लबाचा निरोपसमारंभ जूनपर्यंत लांबवायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नकाशा. दुसऱ्या पायरीपासून खाली कोणता क्लब कोणत्या विभागात खेळेल ते फुटबॉल असोसिएशन दर मे महिन्यात नव्याने ठरवते. उत्तर-दक्षिण सीमारेषा अशी कायमची नाहीच. त्या वर्षी कोण वर गेलं आणि कोण खाली आलं यावरून ती सरकते, आणि मधल्या पट्ट्यातले क्लब इकडून तिकडे होतात. ग्लॉस्टर सिटी अशा प्रकारे नॉर्थमध्येही खेळला आहे आणि साउथमध्येही. एकही स्थान वर-खाली न होता प्रतिस्पर्धी निम्मे बदलतात, बसचं भाडं बदलतं आणि मंगळवारच्या प्रवासाचे तास बदलतात. नॅशनल लीगमध्ये तर विभागणीच नाही. २०२४-२५मध्ये टॉर्कीला गोलफरकाने मागे टाकून साउथ जिंकलेला ट्रूरो सिटी या पातळीवर आलेला कॉर्नवॉलचा पहिला क्लब आहे, आणि तिथून गेट्सहेडचं मैदान एका बाजूने सातशेहून जास्त किलोमीटरवर आहे.

विभागणीची यादी आली की आपल्या क्लबाच्या नव्या विभागातल्या सगळ्या मैदानांची नावं नकाशावर टाका आणि प्रत्येकाचं अंतर लिहा. सगळ्यात लांबच्या चार ठिकाणांवर खूण करा. जुलैत फिक्स्चर आले की त्यांतली किती मंगळवारी पडली आहेत ते आधी बघा.